खालचा बर्थ कोणाचा

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरजवळच्या आंबागडाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण किल्ल्यापाशी थांबतात. देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास सातपुड्याच्या या डोंगरावर किल्ला बांधला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, त्यांनी त्याचा कैदखाना केला, नंतर इंग्रज आले, आणि तिथे गोष्ट संपते. पण डोंगराखालच्या गावांचे जगणे ज्याने मुळापासून बदलले त्याची नोंद किल्ल्याच्या माहितीत सापडत नाही. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटर गेज लाइन भंडारा जिल्ह्यातून गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती आपल्याकडे घेऊन ब्रॉड गेज केली, आणि १८९१ मध्ये हा मार्ग थेट आसनसोलला जाऊन भिडला. नागपूरला मुंबईची गाडी १८६७ मध्येच पोचली होती. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत तुमसरच्या पंचक्रोशीतला माणूस एकीकडे अरबी समुद्रापर्यंत आणि दुसरीकडे बंगालपर्यंत जाऊ शकेल अशी सोय झाली. गावापासून थोडे दूर, देव्हाडीला उभारलेल्या तुमसर रोड स्थानकातून तांदूळ गेला, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतले मँगनीज गेले, आणि माणसेही गेली. माणसे गेली ती एक-दोन रात्रींच्या प्रवासाला. त्या रात्री डब्यात कोणी कुठे झोपायचे, आणि वाट्याला आलेली जागा दुसऱ्याशी बदलून घेता येते का, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही. बर्थ बदलून घेण्याची पद्धत ही आरक्षणाच्या व्यवस्थेला लागलेली वाईट सवय आहे, असे आज सर्रास म्हटले जाते. इतिहास पाहिला तर ती आरक्षणाच्या आधीपासूनची आहे, रेल्वेने आपले कितीतरी नियम तिच्यावरूनच घडवले आहेत, आणि कायद्याने तिला जाणीवपूर्वक जागा ठेवली आहे.

सुरुवात तिसऱ्या वर्गापासून करायला हवी, कारण या मार्गावरचे बहुसंख्य प्रवासी त्याच डब्यात होते. वरच्या वर्गांच्या डब्यांत आडवे होण्यापुरती गादीची बाके होती, प्रवासी कमी होते, अंथरूण ज्याचे त्याने आणायचे, नोकर शेजारच्या डब्यात. तिसऱ्या वर्गात लाकडी बाकडी होती आणि ती बसण्यासाठी होती. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती माणसे बसतील तो आकडा ठरवून डब्यावर लिहिणे बंधनकारक केले, स्त्रियांसाठी स्वतंत्र डब्याची तरतूद केली, भरलेल्या डब्यात घुसणे आणि न भरलेल्या डब्यात दुसऱ्याला येऊ न देणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. या तरतुदी आपापल्या जागी योग्यच होत्या. पण त्यांत मोजणी आहे ती फक्त डोक्यांची. माणूस रात्री झोपतो, त्याला बसण्यापेक्षा जास्त लांबी लागते, ही गोष्ट तिसऱ्या वर्गापुरती कायद्याच्या हिशेबातच नव्हती. त्यामुळे झोपेचा सगळा कारभार प्रवाशांच्या आपसांतल्या समजुतीवर सोडला गेला. स्टेशन मास्तर तिकीट देत होता, गार्ड शिट्टी वाजवत होता, आणि रात्री दहा वाजता म्हाताऱ्याने पाय कुठे पसरायचे हे डबा ठरवत होता.

याचा सर्वांत भरवशाचा पुरावा महात्मा गांधींनी ठेवला आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मुंबई ते मद्रास असा तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि महिना संपण्याआधी रांचीहून वृत्तपत्रांना सविस्तर पत्र लिहिले. डब्याची क्षमता बावीस जणांची, तीही बसण्याची. वाटेत दोन रात्री काढायच्या होत्या, आणि सुरक्षितपणे आडवे होता येईल अशी फळी डब्यात नव्हती. प्रवासाच्या मोठ्या भागात डब्यात पस्तीसहून अधिक माणसे होती, काही जण घाणीतच जमिनीवर पडून होते, काही उभे होते. लोक हे पत्र घाणीच्या वर्णनासाठी वाचतात. मला त्यातला वेगळाच तपशील मोलाचा वाटतो. एका क्षणी डब्यात मारामारी जुंपणारच होती आणि ती टळली ती काही वडीलधाऱ्या प्रवाशांनी मध्ये पडून समजूत घातल्यामुळे. रेल्वेचे कर्मचारी डब्यात येत ते आणखी प्रवासी कोंबण्यापुरते. बावीसच्या जागेत पस्तीस माणसे कोंबली जातात तेव्हा न्याय करणारा उरतो तो सहप्रवासीच.

या समजुतीला काही ठरावीक रीती होत्या, आणि त्या अनारक्षित डब्यांत आजही दिसतात. दोन बाकड्यांमधल्या जागेत ट्रंका आणि बोचकी रचून त्यावर वळकटी पसरायची, म्हणजे मुलांची सोय होते. सामानाच्या फळीवर एखादा तरुण चढतो आणि त्याची खालची जागा मोकळी होते. बाळंतीण किंवा तान्ह्या मुलाची आई असेल तर तिला भिंतीकडचा कोपरा मिळतो. म्हातारे माणूस आधी आडवे होते, बाकीचे त्याच्या पायांशी टेकतात, आणि मध्यरात्रीनंतर पाळी बदलते. म्हणजे तिकिटाचे पैसे सर्वांचे सारखे, पण झोपेची वाटणी गरजेप्रमाणे. ही उदारता आभाळातून पडलेली नव्हती. आज मी सरकलो नाही तर उद्या माझ्या आईसाठी कोणी सरकणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असे. एकाच मार्गावर पुन्हापुन्हा जाणाऱ्या माणसांत असा व्यवहार आपोआप रुजतो.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. समजुतीचा कारभार नेहमी गरजेच्या बाजूने लागत नाही, बळाच्या बाजूनेही लागतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हमालाला चार आणे देऊन बाकडे अडवून ठेवायचे, आत बसलेल्यांनी दार आतून दाबून धरायचे, ही त्याच काळातली वहिवाट आहे. आणि ज्याला समाजाने मुळातच बाहेर ठेवले होते त्याने कोणाशी समजूत करायची? १९०१ मध्ये बाळ भीमराव आंबेडकर भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. नीटनेटके कपडे पाहून आधी आपुलकीने विचारपूस करणारा स्टेशन मास्तर मुले महार आहेत हे कळताच मागे सरला, आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर एकाने दुप्पट भाडे घेऊन गाडी दिली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. हा प्रसंग आगगाडीच्या डब्यातला नाही, फलाटावरचा आहे; पण जिथे छापील नियम संपतो आणि माणसामाणसांतली बोलणी सुरू होतात, तिथे नेमके काय घडू शकते हे तो दाखवतो. म्हणून तिकिटावर छापलेला क्रमांक ही दुर्बलासाठी फार मोठी गोष्ट आहे. तो क्रमांक जात विचारत नाही. बदलाबदलीच्या बाजूने लिहिताना ही गोष्ट मी एका क्षणासाठीही विसरू इच्छित नाही.

तिसऱ्या वर्गातल्या माणसाला झोपायची स्वतःची जागा मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. आधी काही गाड्यांत दोन मजली, मग तीन मजली शयनयानाचे डबे आले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता संपला आणि दुसऱ्यात विलीन झाला. या डब्याची रचना जरा नीट पाहायला हवी, कारण पुढचा सगळा पेच तिच्यात आहे. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात बहात्तर बर्थ असतात. आठ-आठ बर्थांचे नऊ कप्पे: समोरासमोर तीन-तीन, आणि वाटेपलीकडे खिडकीला समांतर दोन. म्हणजे खरे खालचे बर्थ अठरा, मधले अठरा, वरचे अठरा, बाजूचे खालचे नऊ आणि बाजूचे वरचे नऊ. भाडे सर्वांना एकच. पण वस्तू एक नाही. वरच्या बर्थवाल्याला शिडीच्या दांड्यावर पाय देऊन चढावे लागते आणि वर ताठ बसता येत नाही. मात्र तो दिवसभर झोपू शकतो, त्याला कोणी उठवत नाही. खालच्या बर्थवाल्याला चढणे नाही, खिडकी आहे, पण दिवसा त्याच्या अंथरुणावर तिघे बसतात. मधल्याची अवस्था सर्वांत अवघड. त्याचा बर्थ साखळ्यांना लटकतो, तो उघडला की खालच्याला बसता येत नाही आणि मिटला की त्याला स्वतःला झोपता येत नाही. बाजूच्या बर्थची लांबी कमी, आणि बाजूचा खालचा बर्थ तर दिवसा दोघांची बैठक. म्हणजे एका कप्प्यातल्या आठ जणांनी पैसे सारखे भरले तरी आठही जणांच्या झोपेची वेळ, उंची आणि मोकळीक एकमेकांच्या हातात. इथे कोणालाही दुसऱ्याच्या मर्जीशिवाय आपला हक्क पूर्ण वापरता येत नाही. अदलाबदलीची गरज प्रवाशांच्या स्वभावातून निर्माण झाली असे म्हणणाऱ्यांनी आधी हा कप्पा मोजून पाहावा. ती सुताराने आणि लोहाराने डब्यात बसवूनच दिली आहे.

याच डब्याच्या इतिहासात एका मराठी माणसाचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. मार्च १९७७ मध्ये जनता सरकारात मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. कोकणातल्या राजापूर मतदारसंघाचे हे समाजवादी खासदार. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला. वरच्या वर्गाच्या सोयी काढून घेण्यापेक्षा खालच्या वर्गाला वर उचलायचे, ही त्यामागची भूमिका त्यांनी मांडली होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती वर्गविरहित गाडी म्हणून. ती धावली ती नागपूर-गोंदिया याच मार्गाने, म्हणजे भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या त्याच रुळांवरून, जिथे नव्वद वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्गाचे प्रवासी ट्रंकांवर वळकट्या पसरत होते. दंडवत्यांच्या या कामाला मी केवळ आरामाची सोय मानत नाही. दोन इंचांच्या त्या गादीतून राज्याने मान्य केले की सामान्य माणूस गाडीत झोपतो आणि त्याची झोप ही सार्वजनिक जबाबदारी आहे. १८९० च्या कायद्यात जे मोजलेच गेले नव्हते ते आता मोजले गेले. पण वर्ग पुसला तरी मजले राहिलेच. गादी सर्वांना सारखी मिळाली आणि शिडी सर्वांना सारखी चढता येत नव्हती.

मग आरक्षणाकडे या. संगणक येण्यापूर्वी आरक्षण म्हणजे मोठाल्या नोंदवह्या. गाडी जिथून सुटते त्या स्थानकाच्या हाती बहुतेक बर्थ. वाटेतल्या स्थानकांना ठरवून दिलेला थोडा कोटा. त्याहून जास्त हवे असेल तर तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. परतीच्या आरक्षणालाही तारच. तुमसर रोडसारख्या मधल्या स्थानकावरच्या माणसाला याचा अर्थ असा होता की त्याची जागा शेकडो मैलांवरच्या कारकुनाने, त्याच्या गुडघ्यांची किंवा कडेवरच्या मुलाची काहीही कल्पना नसताना ठरवायची. गाडी येईपर्यंत आतले लोक झोपलेले, डबा अंधारात, आणि हातातल्या क्रमांकावर कोणीतरी आधीच पहुडलेले. अशा वेळी टीसी येईपर्यंत जे काही ठरायचे ते त्या कप्प्यातच ठरायचे. १९८५ च्या अखेरीस दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला, थोड्याच वर्षांत तो मुंबईसह इतर महानगरांत आला, १९९९ पर्यंत देशभरची आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि २००२ मध्ये घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली. छोट्या गावच्या माणसाचा यात निःसंशय फायदा झाला. तुमसरचा माणूस आणि मुंबईचा माणूस एकाच रांगेत आला. ओळखीच्या कारकुनाला भेटून कोट्यातली जागा मिळवण्याचे दिवस गेले, हे चांगलेच झाले.

पण यंत्राने माणसे जवळ बसवण्याचे काम सोपे केले नाही. एका अर्जावर जास्तीत जास्त सहा प्रवासी. लग्नाला निघालेले नऊ जणांचे कुटुंब दोन तिकिटांत फुटते आणि दोन तिकिटे दोन डब्यांत पडू शकतात. वेटिंगचे तिकीट कन्फर्म होते ते कोणाच्या तरी रद्द झालेल्या जागेवर, आणि ती जागा कुठे असेल याचा नेम नाही. नवरा एस-३ मध्ये, बायको एस-७ मध्ये, मुलगा वरच्या बर्थवर, असे होते. आरएसीवाल्या दोन अनोळखी माणसांना बाजूच्या एका खालच्या बर्थवर रात्र काढायची पाळी येते. यंत्राला वय कळते, लिंग कळते, कोणाला कुठली पसंती आहे ते कळते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या माणसाला वर चढू द्यायचे नसते, मधुमेह्याला रात्रीतून चारदा उठावे लागते, अठ्ठेचाळीस वर्षांच्या धडधाकट बाईपेक्षा पस्तिशीतल्या कंबरदुखीच्या बाईला खालची जागा अधिक हवी असते, हे त्याला सांगायला अर्जात रकानाच नाही. म्हणून चार्ट लागल्यावर, गाडी सुटल्यावर, प्रत्येक डब्यात अर्धा तास जी कुजबुज चालते, ‘तुम्ही एकटेच आहात का, आमचा एक बर्थ पलीकडे आलाय’, तिला मी व्यवस्थेतला बिघाड म्हणणार नाही. वाटपाचा दुसरा टप्पा आहे तो. पहिला टप्पा यंत्राने अपुऱ्या माहितीवर पूर्ण केलेला असतो, दुसरा टप्पा माणसे समोरासमोर पाहून पूर्ण करतात.

कायदा याबद्दल काय म्हणतो हे फार थोड्यांना माहीत असते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे त्रेपन्नावे कलम सांगते की ज्याच्या नावाने तिकीट आहे त्यानेच ते वापरायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही. तिकिटांचा काळाबाजार रोखण्यासाठी हे आवश्यकच आहे. पण त्याच कलमाला जोडलेली पहिली तरतूद अशी की एकाच गाडीतून प्रवास करणाऱ्यांनी आपसांत जागा किंवा बर्थ बदलून घ्यायला या कलमाची आडकाठी नाही. ही सवलत कोणा अधिकाऱ्याच्या परवानगीवर ठेवलेली नाही. लगेच पुढची तरतूद, आरक्षित तिकिटावरचे नाव बदलण्याची, मात्र अधिकृत कर्मचाऱ्याच्या परवानगीला बांधलेली आहे; म्हणून आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांच्या नावे तिकीट करायचे तर चोवीस तास आधी अर्ज करावा लागतो. कायदा करणाऱ्यांनी या दोन गोष्टींतला फरक समजून उमजून केला आहे. तिकीट विकता येत नाही, नाव परस्पर बदलता येत नाही, पण झोपायची जागा प्रवाशांनी आपसांत ठरवावी. गांधींच्या डब्यातल्या त्या वडीलधाऱ्यांना जे काम कोणी सोपवले नव्हते, ते बहात्तर वर्षांनी कायद्याने प्रवाशांच्या हाती रीतसर दिले.

आणि रेल्वेचे स्वतःचे नियमही याच वाटेने आले आहेत. ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात खालचे बर्थ राखले जातात. वृद्धाला वरची जागा मिळाली असेल आणि प्रवासात खालची रिकामी झाली, तर ती त्याला देण्याचा अधिकार टीसीला आहे. ऑगस्ट २०१७ च्या परिपत्रकाने झोपेची वेळ रात्री नऊऐवजी दहा ते सकाळी सहा अशी ठरवली, उरलेल्या वेळी खालच्या बर्थवर इतरांना बसू द्यायचे, आणि आजारी, अपंग व गरोदर प्रवाशांना या वेळेबाहेरही झोपू द्यावे असे सहकार्याचे आवाहन केले. यातली एकही गोष्ट प्रवाशांनी आधी केलेली नव्हती अशी नाही. म्हाताऱ्याला खाली, गरोदर बाईला खाली, दहा वाजेपर्यंत सर्वांनी बसायचे: डब्यांनी वर्षानुवर्षे पाळलेली रीत कागदावर उतरली. उलट जिथे रेल्वेने ही रीत न विचारता वरून रचना लादली तिथे ती फसली. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्लीपर डब्यांत बाजूच्या दोन बर्थांमध्ये तिसरा बर्थ बसवला गेला. जागा वाढली, पण त्या तिघांपैकी कोणालाच धड बसता किंवा झोपता येईना, आणि आपसांत बदलून घेण्याजोगेही त्यात काही उरले नाही. प्रवाशांच्या तक्रारींनंतर तो काढावा लागला.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सरळ आणि न्याय्य आहे. ज्याने महिनोन्महिने आधी तिकीट काढले, पसंती नोंदवून खालचा बर्थ मिळवला, त्याने दुसऱ्याच्या ढिसाळपणाची भरपाई का करावी? नोव्हेंबर २०२४ पर्यंत एकशे वीस दिवस आधी आरक्षण करता येत होते, आता साठ दिवस. नियोजन करणाऱ्याला त्याचे फळ मिळायलाच हवे. याला माझे उत्तर असे की त्याला ते मिळतेच. तो नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हटल्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ नये. पण एक गोष्ट त्याने ध्यानात घ्यावी. खालच्या बर्थसाठी त्याने एक रुपयाही जास्त दिलेला नाही. विमानात खिडकीची जागा विकत घ्यावी लागते; रेल्वेने खालच्या बर्थला वेगळी किंमत लावलेली नाही. तशी लावावी असा विचार अधूनमधून पुढे येतो. तो मान्य झाला तर त्या दिवसापासून खालचा बर्थ पैशाचा होईल, आणि वर चढू न शकणाऱ्या गरीब म्हाताऱ्याने तो मागितला तर ‘मी पैसे मोजलेत’ हे उत्तर बिनतोड ठरेल. रेल्वेने किंमत लावलेली नाही याचाच अर्थ वाटपाचे काही काम गरजेवर आणि सौजन्यावर सोडलेले आहे. लवकर तिकीट काढणाऱ्याचा हक्क खरा आहे; तो विकत घेतलेला हक्क नाही, रांगेतला हक्क आहे. रांगेत आपण होऊन कोणाला पुढे जाऊ देता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो वर मसूरच्या प्रसंगात येऊन गेला आहे. समजुतीच्या नावाखाली दबाव आणला जातो. एकटीने प्रवास करणाऱ्या तरुण मुलीला सहा जणांचे कुटुंब घेरते, ‘ताई, तुम्ही एकट्याच, जरा ॲडजस्ट करा ना’ म्हणते, आणि तिला जिथे सुरक्षित वाटत होते ती जागा सोडून दाराजवळच्या, अनोळखी पुरुषांच्या कप्प्यात जावे लागते. फलाटावर आणि डब्याच्या दाराशी चिकटवलेल्या छापील चार्टवर नाव, वय, लिंग सगळे उघडे असे. एकटी बाई कुठे आहे हे कोणालाही वाचता येई, आणि आडनावावरून आणखीही पुष्कळ काही. २०१८ पासून चार्ट चिकटवणे हळूहळू बंद झाले हे म्हणूनच बरे झाले. या आक्षेपाने बदलाबदलीची पद्धत खोटी ठरत नाही. तिची अट मात्र अधिक कडक होते. कायदा परस्पर अदलाबदल म्हणतो. बर्थच्या बदल्यात बर्थ, आणि दोघांच्याही संमतीने. आधी येऊन बसायचे आणि मग विचारायचे, हे त्यात बसत नाही. खालचा बर्थ मागून बाजूचा वरचा पुढे करणे हा सौदा नव्हे, मागणे आहे, आणि मागणाऱ्याने ते मागणे म्हणूनच करावे. आरक्षित जागा बळकावणाऱ्याला डब्यातून बाहेर काढण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि ती वापरायला टीसीने मागेपुढे पाहू नये. क्रमांकाचे संरक्षण पूर्ण असेल तरच क्रमांक सोडण्याला काही अर्थ राहतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्यात सौजन्य कुठून येणार?

तिसरा आक्षेप हिशेबाचा आहे. अपघात झाला, कोणी आजारी पडले, चोरी झाली, तर कोणत्या बर्थवर कोण होते हे कळणार कसे? चार्टमध्ये एक नाव आणि अंथरुणावर दुसराच माणूस. हा मुद्दा खरा आहे, आणि जुन्या काळी त्याला उत्तर नव्हते. आता आहे. टीसीच्या हातात गेल्या काही वर्षांत कागदी चार्टऐवजी छोटे यंत्र आले आहे. कोण चढला, कोण आला नाही, हे तो त्यात नोंदवतो, आणि रिकामे बर्थ त्यातूनच आरएसी आणि वेटिंगवाल्यांना क्रमाने मिळतात. यामुळे रिकामी जागा पैसे घेऊन विकण्याला बराच आळा बसला, ही फार मोठी सुधारणा आहे. त्याच यंत्रात दोन प्रवाशांनी आपसांत बदललेले बर्थ नोंदवण्याची साधी सोय हवी. टीसीने दोघांनाही समोरासमोर विचारावे, दोघांनी हो म्हटले की नोंद करावी. विचारणारा गणवेशातला माणूस असला की दडपणाखाली हो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणायची एक संधी मिळते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आक्षेपांचे उत्तर एकाच नोंदीत येते.

हे लिहिण्याची गरज आज वाटते कारण यंत्र दिवसेंदिवस अधिक शहाणे होत आहे आणि त्याबरोबर एक समज पसरत आहे, की पुरेशी माहिती भरली तर बदलाबदल करावीच लागणार नाही. माहिती वाढवायला माझा विरोध नाही. गुडघ्याच्या, डोळ्याच्या, गरोदरपणाच्या नोंदीला अर्जात जागा मिळाली तर उत्तमच. पण खालचे बर्थ अठराच राहणार, फार तर नव्या डब्यात वीस. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तेराशे किलोमीटरहून अधिक धावते, वाटेत अनेक स्थानकांवर माणसे चढतात आणि उतरतात, आणि कप्प्यातल्या आठ जणांची गरज दर काही तासांनी बदलते. तुमसर रोडला चढलेल्या आजोबांना वर्ध्यापर्यंत वरचा बर्थ चालला म्हणून मनमाडपर्यंत चालेलच असे नाही. साठ दिवस आधी भरलेल्या कोणत्याही अर्जात ही रात्र मावणार नाही. ती त्या कप्प्यातल्या आठ जणांनाच वाटून घ्यावी लागेल, आणि तसे करायला त्रेपन्नाव्या कलमाने त्यांना मोकळीक दिलेली आहे.